१० मीटर एअर पिस्तूल: स्वतःचे पिस्तूल, चष्मा आणि घरचा सराव यांबाबत सल्ला हवा आहे

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. मी महाविद्यालयात शिकवते, वय ४१. क्लबच्या पिस्तुलावर १० मीटर एअर पिस्तूलचा सराव करते आणि यंदा कॅप्टन इझिकेल स्मृती महाराष्ट्र राज्य नेमबाजी स्पर्धेत उतरायचे मनाशी पक्के केले आहे. सरावात ६० शॉटला (६०० पैकी) ५३० च्या आसपास गुण पडतात, पण क्लबच्या अंतर्गत स्पर्धेत तेच ५१५ पर्यंत घसरतात. एखादी सिरीज (दहा शॉटची फेरी) ९३ ची होते आणि तिच्या पुढचीच ८४ ची, असे सतत चालू आहे.

क्लबचे पिस्तूल आम्ही तिघीचौघी वापरतो. त्याची ग्रिप (लाकडी मूठ) माझ्या हाताला मोठी आहे, आणि माझ्या आधी ज्यांनी सराव केला त्यांनी साइट (नेम धरण्याची खूण) फिरवलेली असल्यामुळे पहिले काही शॉट ती जागेवर आणण्यातच जातात. म्हणून स्वतःचे पिस्तूल घ्यावे असे वाटते. सव्वा लाखापर्यंत तयारी आहे, फार तर दीड. पुण्यातील एक नेमबाज आपले जुने स्टायर एलपी १० (यांत्रिक ट्रिगरचे पिस्तूल) विकत आहेत. क्लबमधील ज्येष्ठ मात्र सांगतात की आणखी थांबा, पैसे साठवा आणि इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचे मोरिनी कंपनीचे पिस्तूलच घ्या. माझ्या पातळीला या दोहोंत खरोखर किती फरक पडेल?

दुसरी अडचण डोळ्यांची. मला नुकताच प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला आहे. त्यातून लक्ष्य स्वच्छ दिसते, पण फोरसाइटच्या (नळीच्या टोकावरील साइटच्या) कडा पुसट होतात. मान किंचित वर केली की फोरसाइट स्पष्ट होते, मात्र मग संपूर्ण स्टान्सच (उभे राहण्याची ढब) बदलतो.

तिसरा प्रश्न घरच्या सरावाचा. रेंजवर आठवड्यातून दोनदाच जाणे जमते. घरात जेमतेम ६ मीटरची मोकळी जागा आहे. तेवढ्यात नेमके काय करावे, किती वेळ करावे आणि ते योग्य होत आहे हे कसे ओळखावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगितले तर फार उपकार होतील.

दहावे वर्तुळ (पुणे)

आपला प्रश्न पिस्तुलाचा आहे, पण त्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य 'ग्रिप माझ्या हाताला मोठी आहे' हे आहे. गेली अनेक वर्षे मी कनिष्ठ गटातील मुलामुलींना शिकवतो. ९३ आणि ८४ असा हेलकावा दिसला की मी आधी हात आणि लाकूड यांच्यामधली जागा पाहतो. ग्रिप मोठी असली की तर्जनी ट्रिगरपर्यंत पोहोचवण्यासाठी तळहात नकळत फिरवावा लागतो, बोटाचे टोक सरळ मागे न येता तिरपे ओढते, आणि प्रत्येक वेळी पिस्तूल हातात थोड्या वेगळ्या कोनात बसते. मग एका सिरीजला ते योगायोगाने बरोबर बसते आणि पुढच्या सिरीजला बसत नाही.

एक चाचणी पुढच्या सरावातच करून पाहा. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून घ्या, नेहमीप्रमाणे उभ्या राहा, डोळे मिटून हात वर आणा, दोन श्वास थांबा आणि मग डोळे उघडा. आता दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहायच्या आहेत. फोरसाइट बॅकसाइटच्या (मागच्या साइटच्या) खाचेत मधोमध आहे का, हा पहिला प्रश्न, आणि त्याचे उत्तर ग्रिपमध्ये असते. साइट एका रेषेत आहेत पण संपूर्ण पिस्तूलच लक्ष्याच्या डावी-उजवीकडे रोखलेले आहे का, हा दुसरा, आणि त्याचे उत्तर पायांत असते. पिस्तूल ज्या बाजूला गेले असेल त्याच बाजूला मागचा पाय किंचित सरकवायचा. या दोन चुकांची सरमिसळ करून अनेक जण मनगट वळवून दोन्ही झाकतात. पहिल्या वीस शॉटना ते निभते, मनगट थकले की निभत नाही.

म्हणून माझे मत असे की पिस्तूल लगेच घेण्याआधी क्लबची परवानगी घेऊन त्याच पिस्तुलासाठी आपल्या मापाची ग्रिप मागवा. बहुतेक उत्पादकांकडे लहान, मध्यम, मोठी अशी मापे असतात, आणि ग्रिप एका स्क्रूवर निघते व बसते. त्यानंतर लाकडाच्या पुट्टीने पोकळ जागा भरायच्या, बारीक पॉलिश पेपरने उंचवटे काढायचे, आणि एका वेळी एकच बदल करून किमान आठवडाभर तो तसाच ठेवायचा. तर्जनीची कड लाकडाला कुठेही घासता कामा नये. तळाची पट्टी तळहाताला आधार देईल इतपतच वर घ्या. मनगट पूर्ण मोकळे असले पाहिजे हा नियम आहे, आणि त्या हातात घड्याळ किंवा कडेही चालत नाही.

स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी यांपैकी कोणतेही सुस्थितीतील पिस्तूल शिकंज्यात आवळून चालवले तर छऱ्यांचे सर्व वेध दहाच्या वर्तुळात जवळपास एकाच भोकातून जातात. ५३० ते ५६० हा प्रवास पिस्तुलाच्या किमतीवर अवलंबून नाही. ट्रिगर मात्र आपलाच हवा. नियमाने १० मीटरला तो किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो; तपासणीत वजन टांगून पाहतात. ५०० वर काठोकाठ ठेवू नका, ५१० ते ५२० ठेवा. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो; त्यातला मोठा वाटा पहिल्या टप्प्यावर द्या आणि दुसऱ्या टप्प्यावर शंभर-सव्वाशे ग्रॅमच उरू द्या, म्हणजे बोट टप्प्यावर येऊन थांबले की बहुतेक वजन आधीच उचललेले असेल.

बुटांसाठी फार खर्च नको. सपाट, पातळ आणि टणक तळाचे, घोट्याच्या हाडाखालीच संपणारे बूट पुरेत. जाड, मऊ तळाचे धावण्याचे बूट मात्र टाळा.

खाडीपलीकडे (वसई)

वरील प्रतिसादातील ग्रिपबाबतचे प्रत्येक वाक्य मला मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. सामायिक पिस्तुलाला स्वतःची ग्रिप लावून दर वेळी काढायची, घालायची, साइट पुन्हा जुळवायची, आणि घरी सरावाला हातात काहीच नाही, या व्यवस्थेत आठवड्याचे पाच दिवस वाया जातात. मॅडम, आपले वय आणि वेळ लक्षात घेता घरी पिस्तूल असणे हाच खरा फायदा आहे. तेव्हा एलपी १० चांगल्या स्थितीत असेल तर अवश्य घ्या. मी पिस्तुलांच्या देखभालीचे काम करतो, त्यामुळे काय तपासावे ते नीट सांगतो.

पहिली गोष्ट हवेचा सिलिंडर. त्यावर निर्मितीची तारीख कोरलेली असते. उत्पादक साधारण १० वर्षांची मुदत देतात, आणि सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी नियमाने नेमबाजाचीच आहे. पिस्तूल स्वस्तात मिळते आणि नंतर लक्षात येते की दोन्ही सिलिंडर मुदतबाह्य आहेत, असे पुष्कळदा घडते. नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करूनच बोलणी करा. दुसरी गोष्ट गळती. सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरून पिस्तुलाला लावा, काटा कुठे आहे त्याचे छायाचित्र घ्या आणि रात्रभर तसेच ठेवायला सांगा. सकाळी काटा खाली आला असेल तर बहुधा ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गेलेली असते. ती स्वस्त वस्तू आहे, पण ती कोण बदलून देणार हे आधी ठरवा. तिसरे म्हणजे शॉटगणिक वेग सारखा आहे का. जवळपास वेगमापक यंत्र असेल तर दहा शॉट घ्या. नसेल तर पिस्तूल टेकवून पाच-पाच शॉटचे ग्रुप घ्या आणि वेध उभ्या रेषेत पसरतात का ते पाहा. एलपी १० मध्ये धक्का शोषणारी सरकती तबकडी असते, ती मोकळी हलते का हेही विचारा. शेवटी कागदपत्रे: मूळ पावती, पिस्तुलाचा क्रमांक, आणि नेमबाज म्हणून मिळालेल्या सवलतीवर ते आयात केलेले असेल तर विक्रीला काही अट आहे का, हे राज्य संघटनेकडून विचारून घ्या.

परवान्याबद्दल आपण विचारले नाही, पण घरी पिस्तूल आणणार म्हणून सांगतो. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवाई शस्त्राला शस्त्र परवाना लागत नाही, आणि सामन्याचे पिस्तूल या मर्यादेच्या खूपच खाली असते. तरीही प्रवासात ते बंद पेटीतच ठेवा आणि पावती, ओळखपत्र व संघटनेचे सभासदपत्र सोबत असू द्या.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर उत्तमच असतो. त्याचा स्पर्श दरवेळी तंतोतंत सारखा येतो आणि ड्राय सरावाला (छर्रा न घालता केलेल्या सरावाला) दर वेळी लिव्हर ओढावी लागत नाही. पण पाऊस, दमट हवा आणि जवळ दुरुस्ती करणारा कोणी नाही अशा ठिकाणी यांत्रिक ट्रिगर अधिक निभावतो, असा माझा कल आहे. बिघाड कोणत्याही पिस्तुलात आणि कोणाच्याही हातात होऊ शकतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, त्यात मोलाचा वेळ गेला आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच प्रकारात तिने कांस्यपदक मिळवले.

पावसाळ्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. हातपंपाने सिलिंडर भरत असाल तर दमट हवेतील पाणी आत जाते; पंपाचा ओलावा शोषणारा भाग वेळेवर बदला आणि मध्ये-मध्ये थांबून पंप थंड होऊ द्या. शक्य असेल तर पाणबुड्यांच्या मोठ्या टाकीतून कोरडी हवा भरणे केव्हाही चांगले. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसटसा हात पुरतो. शिलाई मशीनचे किंवा इतर खनिज तेल उच्च दाबाच्या हवेच्या वाटेत कधीही घालू नका, ते पेट घेऊ शकते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत सोडू नका.

सरळरेषा (ठाणे)

मी व्यवसायाने दृष्टितपासनीस आहे आणि स्वतः पिस्तूल चालवतो, म्हणून फक्त डोळ्यांबद्दल लिहितो.

प्रोग्रेसिव्ह चष्मा नेमबाजीसाठी वापरू नका. त्याच्या काचेत वरपासून खालपर्यंत नंबर बदलत जातो, त्यामुळे मान अर्ध्या अंशाने हलली तरी फोरसाइट वेगळ्या नंबरमधून दिसते. आपण वर्णन केलेली अडचण नेमकी हीच आहे. नेम धरणाऱ्या डोळ्यासाठी एकाच नंबरची काच हवी. त्या काचेने फोरसाइट धारदार दिसावी आणि लक्ष्याचा काळा गोल पुसट असला तरी गोलच दिसावा. चाळिशीनंतर बहुतेकांना हे दूरच्या नंबरमध्ये +०.५० ते +०.७५ मिळवले की साधते. यापेक्षा जास्त घेतले तर फोरसाइट फार सुंदर दिसते, पण काळा गोल विरघळतो आणि त्याखालच्या पांढऱ्या पट्टीचा (गोल आणि फोरसाइट यांमध्ये ठेवायच्या मोकळ्या जागेचा) अंदाज चुकू लागतो.

तपासणीला जाताना पिस्तूल नेण्याची गरज नाही. घरी स्टान्समध्ये उभ्या राहून डोळ्यापासून फोरसाइटपर्यंतचे अंतर कोणाकडून तरी टेपने मोजून घ्या आणि तो आकडा सांगा. तेवढ्या अंतरावर धरलेल्या पट्टीची कड पाहत +०.५० आणि +०.७५ दोन्ही आलटून पालटून बघा. दोन्ही सारखेच वाटले तर कमी नंबर घ्या. काच नजरेच्या रेषेला काटकोनात आली पाहिजे. नेमबाजीच्या खास चौकटीत काच फिरवता येते, म्हणून ती सोयीची असते, पण सुरुवातीला साध्या चौकटीवरही काम भागते.

दुसरा डोळा मिटू नका. एक डोळा मिटला की चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि उघड्या डोळ्यावरही ताण येतो. नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर अर्धपारदर्शक पट्टी लावावी. नियमाने ती ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नसावी. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचे युसुफ दिकेच यांनी साधा चष्मा लावून आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून मिश्र सांघिक रौप्य मिळवले, तेव्हापासून मला अनेक जण विचारतात की मग ही सगळी साधने कशाला. त्यांना तशी सवय होती आणि त्यांचे डोळे तसे जुळवून घेत होते, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याला दोन फोरसाइट दिसत असतील तर पट्टी लावावी, दिसत नसतील तर लावू नये.

बॅकसाइटची खाचही थोडी रुंद करून पाहा. फोरसाइटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची स्पष्ट फट दिसली पाहिजे. अरुंद फट अचूक वाटते, पण चाळिशीनंतरचा डोळा तिच्यावर लवकर थकतो.

पंचगंगा (कोल्हापूर)

ताई, घरच्या सरावाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या गुणांत वाढ होणार आहे ती येथूनच.

आधी एक हिशेब मनात पक्का बसू द्या. १० मीटरच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ त्रिज्येत ८ मिलिमीटरने वाढते. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडले की दहा. आता समजा, फोरसाइट खाचेत अगदी मधोमध आहे, पण हात हलल्यामुळे संपूर्ण पिस्तूल जसेच्या तसे ७ मिलिमीटर डावीकडे सरकले आणि त्या क्षणी शॉट सुटला. छर्राही ७ मिलिमीटरच सरकेल आणि दहा मिळतील. याउलट हात अगदी स्थिर आहे, काळ्या गोलाखाली पांढरी पट्टी सुरेख दिसते आहे, पण फोरसाइट खाचेत फक्त १ मिलिमीटर डावीकडे झुकलेली आहे. दोन साइटमधले अंतर साधारण ३२० मिलिमीटर आणि लक्ष्य १० मीटरवर, म्हणजे ही चूक तीसपटीहून अधिक वाढते. छर्रा सुमारे ३१ मिलिमीटर बाजूला जातो आणि सात मिळतात. हात हलण्याची भीती आणि साइट बिघडण्याकडे दुर्लक्ष, या दोन गोष्टींमुळेच ५३० वर माणसे अडकून राहतात. हात सर्वांचाच हलतो. तो हलत असताना खाचेतली फोरसाइट बिघडू न देता ट्रिगर मागे आणणे, एवढेच शिकायचे आहे.

म्हणून घरच्या सरावात सुरुवातीला लक्ष्य लावूच नका. कोरी पांढरी भिंत पुरते. नसेल तर पांढरा कागद चिकटवा. भिंतीपासून दीड-दोन मीटरवर उभ्या राहा, म्हणजे ६ मीटरची जागाही जास्तच झाली. पिस्तूल रिकामे आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, आणि छऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. हा नियम घरात एकट्या असतानाही पाळा. मग हात वर न्या, खाली आणताना पहिला टप्पा उचला, फोरसाइटच्या वरच्या कडेवर नजर ठेवा आणि दुसरा टप्पा न थांबता, एकसारख्या वाढत्या दाबाने पार करा. शॉट सुटल्यावरही नजर तिथेच. टक् असा आवाज झाला त्या क्षणी फोरसाइट खाचेत हलली का? हलली तर कोणत्या बाजूला? लक्ष्य नसल्यामुळे पाहण्यासारखे दुसरे काही उरत नाही, म्हणून हे उत्तर प्रामाणिकपणे मिळते. उजव्या हाताच्या नेमबाजाची फोरसाइट शॉटबरोबर डावीकडे खाली झटकली जात असेल, तर 'आत्ता!' असे ठरवून बोट ओढले जात आहे हे निश्चित समजा.

हात स्थिरावल्यावर सहा ते दहा सेकंदांत शॉट सुटला पाहिजे. त्यापुढे डोळ्याला फोरसाइटची जुनी प्रतिमाच दिसत राहते आणि खांदा थरथरू लागतो. शॉट सुटला नाही तर हात खाली आणा, दोन श्वास घ्या आणि पुन्हा सुरुवातीपासून सुरुवात करा. शॉट सोडून देणे हे कौशल्य आहे आणि त्याचा वेगळा सराव करावा लागतो: दर पाच वेळांपैकी एकदा सर्व काही छान जमलेले असतानाही मुद्दाम हात खाली आणा. क्लबमध्ये मी पाहतो की लोकांना चुकीचा शॉट येणार हे आधी कळते, आणि तरी ते तो सोडतात, कारण इतका वेळ धरलेला हात फुकट जाऊ नये असे वाटते. आपली ८४ ची सिरीज उघडून पाहा. त्यात सात-आठ गुणांचे दोन-तीन शॉट असेच धरून ठेवलेले असतील.

वेळ किती द्यायचा? रोज वीस-पंचवीस मिनिटे भरपूर झाली. दीड तास आठवड्यातून एकदा यापेक्षा हे कितीतरी उपयोगी आहे, कारण थकलेल्या हाताने केलेला ड्राय सराव चुकाच मुरवतो. आठवड्यातून दोन दिवस शेवटी होल्डिंग करा: ट्रिगरला बोट न लावता साइट जुळवून तीस सेकंद धरायचे, मिनिटभर विश्रांती, असे सात-आठ वेळा. बाटलीत वाळू भरून किंवा मनगटाला वजन बांधून होल्डिंग करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे; खांद्यासाठी ती मला धोक्याची वाटते. रबरी पट्ट्याचे खांद्याचे व्यायाम, प्लँक आणि एका पायावर उभे राहून तोल सांभाळणे यांनी तेच काम सुरक्षितपणे होते.

असे दोन-तीन आठवडे झाले की भिंतीवर छोटे लक्ष्य लावा. दोन मीटरवर उभ्या असाल तर १० मीटरचा ५९.५ मिलिमीटरचा काळा गोल पाचपटीने लहान, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटरचा काढायचा, आणि भिंतीवरची त्याची उंचीही आपल्या रेंजवरच्या कोनाशी जुळवून ठरवायची. पण आठवड्याचे निम्मे दिवस तरी कोऱ्या भिंतीचेच ठेवा.

रेंजवरचे दोन दिवस मग वेगळ्या कामासाठी वापरा. प्रत्येक शॉट सुटल्यावर स्क्रीन किंवा दुर्बीण पाहण्याआधी तो कुठे गेला ते मनात बोला: 'नऊ, उजवीकडे वर.' मग पाहा. बोललेले आणि पडलेले जुळू लागले की साइट चुकीच्या दिशेने फिरवण्याचा मोह जातो. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर स्क्रीनवर रुमाल टाकून दहा शॉट घ्या आणि रुमाल शेवटी काढा. वहीत गुणांपेक्षा हे लिहा की किती शॉट सोडून दिले आणि किती शॉट बरोबर ओळखले.

छऱ्यांबद्दल एवढेच की सपाट डोक्याचे, चांगल्या सामना दर्जाचे कोणतेही घ्या आणि एकाच बॅचचे पुरेसे डबे घेऊन ठेवा. एका चांगल्या बॅचमध्ये आणि दुसऱ्यात जो एक-दोन मिलिमीटरचा फरक असतो, तो आपल्याला या पातळीवर जाणवणार नाही. डबा खाली पडला तर मात्र ते छर्रे सरावालाच ठेवा, त्यांची पातळ मागची कड वाकलेली असते. हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा. शिसे आहे ते.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. डोळे मिटून चाचणी केली. पिस्तूल लक्ष्यावरच येते, पण फोरसाइट खाचेत दर वेळी उजवीकडे दिसते, म्हणजे पाय ठीक असून दोष ग्रिपचा आहे असे समजते आहे. एलपी १० ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे लहान मापाची ग्रिपही आहे, आणि एक सिलिंडर मुदतीत आहे. या रविवारी जाऊन रात्रभर दाब पाहण्याची परवानगी मागितली आहे.

दोन गोष्टी राहिल्या. स्पर्धेत गुण पंधराने का घसरतात याबद्दल कोणी लिहावे. आणि क्लबमध्ये काही जण सांगतात की महिलांसाठी २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल अधिक सोपे, तिकडे वळा. यावर आपले मत काय?

दहावे वर्तुळ (पुणे)

ग्रिपला हात लावण्याआधी पकड घेण्याची पद्धत तपासा. डाव्या हाताने पिस्तूल पुढून धरा, उजवा हात मागून सरळ आणून अंगठा आणि तर्जनी यांमधला खोलगट भाग ग्रिपच्या मागच्या वळणात वरपर्यंत घट्ट बसवा, मगच बोटे गुंडाळा. बहुतेक जण ग्रिप टेबलावरून उचलतानाच पकडतात आणि मनगट वळलेले राहते. एवढे करूनही फोरसाइट उजवीकडेच राहिली तर ग्रिपचा कोन तिच्या स्क्रूने अगदी थोडा फिरवा आणि पुन्हा तीच चाचणी घ्या. साइट फिरवून हा दोष झाकू नका.

२५ मीटरबाबत: त्यासाठी पॉइंट २२ चे (०.२२ इंच व्यासाची गोळी झाडणारे) पिस्तूल लागते, म्हणजे शस्त्र परवाना आला. ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा असतो. त्यातले पहिले ३० शॉट अचूकतेचे आणि पुढचे ३० वेगाचे, ज्यात लक्ष्य ३ सेकंद दिसते आणि ७ सेकंद जाते, आणि तेवढ्यात हात खालून वर आणून एक शॉट सोडायचा असतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवले, त्यामुळे आपल्याकडे या प्रकाराबद्दल आकर्षण आहे आणि ते योग्यच आहे. पण तो सोपा मुळीच नाही. १० मीटरवर ट्रिगर स्वच्छ झाल्यावर अवश्य या.

पंचगंगा (कोल्हापूर)

ताई, स्पर्धेतील घसरणीबद्दल. सरावात आपण मनाप्रमाणे साइटर्स (गुणांत न धरले जाणारे चाचणी शॉट) घेता, थांबता, गप्पा मारता आणि नको असलेली सिरीज विसरता. स्पर्धेत तयारी आणि साइटर्ससाठी १५ मिनिटे, मग ६० शॉटसाठी इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर ७५ मिनिटे आणि कागदी लक्ष्यावर ९० मिनिटे मिळतात, आणि सामना सुरू झाल्यावर साइटर घेता येत नाही. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा रेंजवर घड्याळ लावून, हाच क्रम पाळून, मध्ये कोणाशी न बोलता संपूर्ण सामना खेळा आणि तोच गुण आपला खरा गुण माना. माझ्या अंदाजाने तो आज ५२० च्या जवळ असेल, आणि मग घसरण पंधराची नसून पाचाची आहे हे दिसेल.

साइटर्सच्या वेळेत आधी ड्राय शॉट घ्या. त्याला परवानगी असते. सामन्याच्या पहिल्या शॉटआधीही एक घ्या. ६० शॉटला सव्वा तास पुष्कळ असतो. शॉट आठच्या खाली गेला की पुढचा लगेच भरू नका, पिस्तूल टेबलावर ठेवून खुर्चीत बसा, पाणी प्या. बेरीज मधे करू नका. मनात शब्द हवेच असतील तर तेच क्रमाने म्हणा जे घरी भिंतीसमोर म्हणता: वर, टप्पा, कड, दाब, थांब.

खाडीपलीकडे (वसई)

रविवारी जाताना ५०० ग्रॅमचे वजन सोबत न्या किंवा त्यांच्याकडचे मागा, आणि नळी उभी धरून ट्रिगरला अलगद टांगून दोन-तीनदा उचलून पाहा. सौदा झाला तर परत येताना पिस्तुलातून सिलिंडर काढून वेगळा ठेवा आणि सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामे असल्याची रंगीत खूण) लावूनच पेटी बंद करा. पुढे कधी विमानाने स्पर्धेला जाणार असाल तर सिलिंडर पूर्ण रिकामा करून, पिस्तुलापासून सोडवून न्यावा लागतो, तेव्हा स्पर्धेच्या ठिकाणी हवा भरण्याची सोय आहे का आणि त्यांचा जोड आपल्या सिलिंडरला बसतो का, हे नाव नोंदवतानाच विचारून ठेवा.